गडावर उजाडेना

सोनखेडच्या गडावर नवे कारभारी आले, त्र्यंबकपंत. आल्या आल्या त्यांनी राजे माणिकरावांना पटवून दिलं की दरबारात माणसं फार झालीत. जिथे दोघे आहेत तिथे एक पुरे. पाणक्यांतला एक गेला, मशालजींतला एक गेला. या नव्या रचनेची आखणी करायला पंतांनी स्वतःच्या हाताखाली चार जण तेवढे नवीन नेमले.

मग पाळी आली घटका वाजवणाऱ्यांची. पाण्यावर भोकाचं तांब्याचं भांडं ठेवायचं, ते भरून बुडालं की घटका झाली असं समजून टोला द्यायचा, हे त्यांचं काम. रात्री म्हातारा सटवाजी वाजवी, दिवसा त्याची लेक हौसा. पंतांनी सटवाजीला घरी बसवलं. चाळीस पावसाळे गडावर काढलेला माणूस घोंगडी खांद्यावर टाकून खाली उतरला आणि त्या दिवशी जेवलाच नाही.

हौसा तडक दरबारात गेली. "महाराज, रात्रीचं कोण बघणार?"

"तूच," राजे म्हणाले. त्यांना हट्ट करायला आवडे. "दिवसाच्या आणि रात्रीच्या सगळ्या घटका तू एकटीनं वाजवायच्या. एक जरी गाळलीस, तर तुझीही जागा गेली."

"आणि कामावर झोपलेली चालणार नाही," पंतांनी जोडलं.

हौसानं विचारलं, "घटका झाली हे ठरवायचं कशावरून?"

"टोल्यावरून," पंत म्हणाले. "टोला पडल्याशिवाय गडावर कुणी काही करायचं नाही. दरवाजा उघडायचा नाही, चूल पेटवायची नाही. नियम आहे."

"मग जमेल," हौसा म्हणाली.

त्या दिवशी तिनं संध्याकाळपर्यंत एकूण एक घटका वाजवली. दरवाजे बंद झाल्याचा टोला दिला, भांडं पाण्यातून काढून पालथं घातलं आणि गडावरच्या आपल्या खोपटात जाऊन ढाराढूर झोपली.

सकाळी राजे उठले. स्नानाला पाणी नाही, मुदपाकखान्यात धूर नाही. अंगणात लख्ख ऊन पडलेलं आणि उरलेला एकुलता मशालजी पेटती मशाल धरून पेंगत उभा. तटावरून पहारेकरी जांभया देत "होश्शियार" ओरडत होते.

"न्याहारी कुठंय?" राजांनी विचारलं.

"महाराज, रात्रीच्या पहिल्या घटकेचा टोला हौसानं आत्ता कुठं दिला," आचारी हात जोडून म्हणाला.

तेवढ्यात महादरवाज्यावर धडाधड थापा पडू लागल्या. पंत गडाखालच्या हवेलीतून आले होते. दारावरचा हवालदार आतून शांतपणे सांगत होता, "पंत, रात्री दार उघडायला मनाई आहे. हुकूम तुमचाच आहे."

राजांनी हौसाला बोलावलं. डोळे लाल झाले होते त्यांचे. "रात्रीच्या घटका गाळल्यास ना?"

"एकही नाही. आता वाजवतेच आहे की. झोपले ते घरी, कामावर नाही. आणि मी झोपले तेव्हा टोला पडला नाही, म्हणजे वेळही झाली नाही."

"मग उजाडणार कधी?" राजांनी विचारलं.

"आज संध्याकाळी. पण तेव्हा माझी झोपायची वेळ होईल. तुमची न्याहारी उद्या सकाळी."

"उद्या?"

"पंतांना मात्र हवी तशी बचत झाली, महाराज. आता महिना दोन महिन्यांनी भरेल. पगार निम्म्यावर आला." हौसानं पदर सावरला. "शेतसाराही तसाच निम्मा यायचा म्हणा. वर्ष सरल्याशिवाय रयत कशाला देईल?"

राजांच्या तोंडून आधी नुसता हुंकार आला. मग ते हसायला लागले, ते इतके की पोटात काही नसल्यानं त्यांना खांबाला धरावं लागलं. बाहेर पंतांच्या थापा चालूच होत्या.

"हौसा, तू जिंकलीस," ते डोळे पुसत म्हणाले. गळ्यातला कंठा काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला. "आता उजाडव, बाई. भूक लागलीय."

"मला एकटीला नाही जमणार, महाराज. रात्र बाबांच्या हातची आहे."

राजांनी सटवाजीसाठी पालखी धाडली. कामावरून काढलेल्या पाणक्याला आणि मशालजीलाही तिच्यातूनच घेऊन या, असं बजावलं. पालखी बाहेर काढायला मागचा दरवाजा उघडला. महादरवाजा बंदच राहिला. पंतांसाठी अजून रात्र होती.