अधिक-उणे

“पण सर, आकडा तर वीसच्या वर होता! मग माझं चुकलं कुठं?”

घैसास सरांनी प्रद्युम्नला समोरच्या स्टुलावर बसायची खूण केली. बाहेर वाऱ्याने नुसता उच्छाद मांडला होता. व्हरांड्यातल्या बाकावर चांगुणा पदर तोंडाशी धरून बसली होती. तिचा नवरा मच्छीमार होडीचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. परवाच्या वादळानंतर ती होडी परतली नव्हती, आणि वायरलेसवरून एक शब्दही आला नव्हता.

तो वायरलेस सेट गेल्या आठवड्यात आमच्याच लॅबमध्ये तपासला होता. तपासणारा प्रद्युम्न.

पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण नाकावर माशी बसू देईल तर शपथ! सरांची रीत अशी, की सेटमधून निघणाऱ्या लहरींची ताकद मोजणारा सेन्सर काढायचा, जोडणी पुसायची, थोडा फिरवून पुन्हा बसवायचा आणि पुन्हा मोजायचं. हा त्याला म्हातारचळ म्हणायचा.

“किती लिहिलंस?” सरांनी विचारलं.

“वीस पूर्णांक चार वॅट. किमान वीस हवे होते. म्हणजे पास.”

“अधिक-उणे किती? आकडा किती वरखाली होऊ शकतो?”

प्रद्युम्न समोरचा कागद उलटसुलट करू लागला.

“किती, प्रद्युम्न?”

“नाही लिहिलं, सर. तांडेल घाईत होता. आणि ते अधिक-उणे दिसलं ना, की या लोकांचा धीर सुटतो. म्हणतात, तुमचीच खात्री नाही, तर तपासता कशाला?”

सर उठले. त्याच बनावटीचा दुसरा सेट त्यांनी टेबलावर ठेवला.

“मोज.”

वीस पूर्णांक चार. प्रद्युम्नचा चेहरा जरा उजळला.

सरांनी सेन्सर काढला. पाव फेरा फिरवून परत बसवला.

एकोणीस पूर्णांक सहा.

पुन्हा काढला, पुन्हा बसवला... वीस पूर्णांक नऊ.

“यातला खरा कुठला?”

“सगळेच... म्हणजे, एकही नाही.”

“सेन्सरकडे गेलेली सगळी ताकद त्याच्या पोटात जात नाही, बाबा. थोडी उंबऱ्यावरूनच माघारी फिरते. ती तू कशात धरलीस?”

प्रद्युम्नने तिन्ही आकडे कागदावर लिहून काढले. शेजारच्या टेबलावर काम करता करता हे ऐकणाऱ्या मला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

“पण सर, मी लिहिलं असतं तरी वादळ यायचं ते आलंच असतं.”

“आलं असतं.”

“मग?”

“त्या सेटवर भरवसा ठेवून जायचं की नाही, ते तांडेलाने ठरवलं असतं. तू त्याच्या वतीने ठरवलंस.”

...

दार ढकलून चांगुणा आत आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ती थेट प्रद्युम्नसमोर उभी राहिली.

“दादा, यंत्र तुम्हीच बघितलं होतं ना? त्यानं हाक मारली असंल, तर बंदरापर्यंत पोचली असती ना?”

प्रद्युम्नने तोंड उघडलं. सरांकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

“सांगता येत नाही, ताई. पोचली असती... किंवा नसतीही.”

ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.

प्रद्युम्न सरांपाशी आला.

“सर, निदान तुम्ही तरी तिला जरा धीर द्या...”

सर सेन्सरची जोडणी पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“तो तर तू गेल्या आठवड्यातच देऊन टाकलास.”