माळावरचं हिरवं चित्र

फार पूर्वीची नव्हे, अगदी अलीकडची गोष्ट. माळाच्या कडेला वसलेल्या एका गावात शाळेच्या एक बाई होत्या. मोठ्या हौशी! पोरांना पर्यावरण शिकवायचं म्हणून त्यांनी शहरातून चित्रांच्या गोष्टीचं पुस्तक आणलं.

पहिल्या पानावर उजाड, तपकिरी माळ होता. मग मुलं रोपं लावतात, आणि शेवटच्या पानावर गर्द हिरवं रान.

"मग काय शिकलात?" बाईंनी विचारलं.

"झाडं लावा!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

धनगराची बाणाई मात्र पुढे आली आणि तिनं पहिल्या पानावर बोट ठेवलं. "बाई, ह्या माळावर गवत का नाही दाखवलं? आपल्या माळावर तर असतं. टिटवी तिथंच अंडी घालते. एवढी झाडं झाल्यावर सावलीत गवत उगवंल का? मग आमची मेंढरं काय खातील?"

आता आली का पंचाईत! बाईंना उत्तर ठाऊक नव्हतं. "मलाही माहीत नाही, चला, माळावर जाऊन बघू," एवढंच म्हणायचं होतं हो! पण जीभ रेटेना.

"चित्रात आहे तेवढंच बघायचं. आगाऊपणा नको," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक मिटलं. पोरं फिदीफिदी हसली. बाणाई खाली मान घालून जागेवर बसली.

पोरांनी घरी जाऊन तीच री ओढली. गावही पेटून उठलं. साऱ्या माळावर भराभर वाढणारी रोपं लावली. फोटो निघाले, हारतुरे झाले, बाईंच्या कौतुकाला पारावार राहिला नाही.

काही वर्षांत माळ हिरवागार झाला. पण त्या झाडांच्या पाल्याला मेंढरू तोंड लावीना, आणि खाली गवताची काडी उरली नाही. टिटव्या कधी गेल्या ते कुणाला कळलंही नाही. झाडं काही वाईट नव्हती, जागा चुकली होती. पण बैल गेला नि झोपा केला, आता बोलून काय उपयोग?

चाऱ्यावाचून मेंढरं खंगली. शेवटी धनगरानं बिऱ्हाड घोड्यावर लादलं आणि गाव सोडलं. कळताच बाई धावत वेशीवर गेल्या.

"बाणाई, तुझं खरं होतं गं. मी तुला गप्प करायला नको होतं."

बाणाईनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, पुस्तकच खरं असंल, बाई," ती म्हणाली. "आमच्या चराईच्या जागेतले रोपांचे खड्डे मीच खणले."

 मेंढरं पुढे निघाली, तशी बाणाईही निघाली.

तात्पर्य एवढंच: पोरांच्या हाती चित्र जरूर द्यावं, पण पोर त्यावर बोट ठेवून विचारू लागलं, तर पुस्तक मिटू नये.