खिट्टीची पिचकारी

केळगडचे राजे रणधवल सिंहासनावर बसले आणि दुसऱ्याच क्षणी "आई गं!" म्हणून हातभर उडाले!

सगळा दरबार दचकून उभा राहिला. राजे सिंहासनाभोवती गरगर धावत होते. शेल्यात खोचलेली माकडपिचकारी बसताना दाबली गेली होती आणि तिच्यातलं लवंगी मिरचीचं पाणी नको तिथे पोचलं होतं.

केळगडात माकडं माणसांच्या दुप्पट. म्हणून ज्याच्या त्याच्या कमरेला मुठीत मावेल एवढी तांब्याची पिचकारी असायचीच. वरची कळ दाबली की तिखट पाणी फस्सकन उडायचं आणि माकड पळायचं. पण कळ बोटाने दाबली काय नि मांडीने दाबली काय, तिला सारखंच! त्या वर्षी माकडांपेक्षा माणसंच जास्त पोळली होती.

सोनबा तांबट त्यातलाच एक. दुरुस्तीला आलेली पिचकारी त्याच्या तोंडावरच उडाली. महिना झाला, डोळे धड उघडत नव्हते. त्याची मुलगी भिवरा सकाळी बापाच्या डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवायची आणि दिवसभर भात्यापाशी बसायची. सतरा पिचकाऱ्या बिघडल्या, अठरावी जमली. तिच्या कळीखाली एक बारीक खिट्टी होती. अंगठ्याने खिट्टी सरकवली तरच कळ दबे. अंगठा काढला की खिट्टी आपोआप जागेवर. वर म्हैस बसली तरी थेंब येणार नाही!

राजांची गत ऐकून भिवरा बापाचा हात धरून दरबारात आली. राजे अजून उभेच होते. त्यामुळे प्रधान, सरदार, सगळेच ताटकळत उभे होते.

"महाराज, मला या पिचकारीची सनद द्या," भिवरा म्हणाली.

केळगडचा कायदाच होता तसा. नवी वस्तू घडवणाऱ्याला सनद मिळे, आणि मग बारा वर्षं ती वस्तू दुसऱ्या कुणी घडवायची नाही. पण वस्तू नवी की जुनी, हे ठरवणार नवलपरीक्षक धुंडिराजशास्त्री. आणि चाळीस वर्षांत शास्त्रीबुवांनी एकाही वस्तूला नवी म्हटलं नव्हतं!

बुवांनी पिचकारी हुंगली, हलवली, कानाला लावली.

"जुनी!" ते म्हणाले. "पाणी ओढून फवारायचं, यात नवल कसलं? हत्तीची सोंड तेच करते!"

"मग बुवांनी हत्ती कमरेला खोचून दाखवावा," भिवरा म्हणाली.

दरबारात खसखस पिकली. बुवा लालबुंद झाले.

"आणि ही खिट्टी? असली खिट्टी माझ्या कोठीच्या दाराला आहे! पिचकारी जुनी, खिट्टी जुनी. जुन्यात जुनं मिसळलं की काय होतं, महाराज? जुनंच!"

"पण बुवा, कोठीचं दार नि पिचकारी, दोन्ही तुमच्या घरात चाळीस वर्षं आहेत. मग ही खिट्टी तुम्हीच का नाही लावली?"

"मला वेळ नव्हता!"

राजे हट्टी होते. शिवाय पाठीमागे आग होत होती, त्यामुळे जरा जास्तच हट्टी झाले होते.

"पोरी, वाद पुरे! आमच्या आजोबांचा कायदा आहे. शास्त्रीबुवांनी आपल्या तोंडाने 'नवं' म्हटलं तरच सनद. त्यांना धमकावायचं नाही, लालूच दाखवायची नाही. दिवस मावळायच्या आत वदवून घे. नाहीतर ही पिचकारी सरकारी कारखान्यात जाईल, आणि उद्यापासून वाटेल त्याने घडवावी!"

सोनबा मुलीच्या कानाशी म्हणाला, "चल बाई घरी. दगडातून पाणी काढायचंय का?"

भिवराने बापाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. तिला घरी जायचं नव्हतं.

"महाराज, आपली पिचकारी जरा द्याल? आणि एक वाडगा मिरचीचं पाणी."

दोन्ही आलं. भिवराने सगळ्यांसमक्ष राजांची पिचकारी गळ्यापर्यंत भरली, मग आपली भरली. खिट्टी कशी सरकते तेही दाखवलं. दोन्ही पिचकाऱ्या तबकात ठेवून ती शास्त्रीबुवांपुढे गेली.

"बुवा, या दोन्ही एकच ना?"

"एकच!"

"तिळमात्र फरक नाही?"

"नाही, नाही, त्रिवार नाही!"

"मग यातली कुठलीही एक उचला, शेल्यात मागे खोचा, आणि तुमच्या त्या पाटावर मांडी घालून बसा."



बुवांचा हात राजांच्या पिचकारीकडे गेला. राजे तिथेच उभे होते, पाय फाकवून. हात मागे आला. बुवांनी उपरण्याने घाम पुसला. मग झडप घालून भिवराची पिचकारी उचलली, खिट्टी दोनदा चाचपली, ती शेल्यात खोचली आणि डोळे मिटून पाटावर बसले.

फस्स नाही, फुस्स नाही!

"हीच का उचलली, बुवा?"

"ही... ही बरी आहे."

"दोन्ही एकच आहेत ना? मग ही बरी कशी?"

"हिला ते आहे ना!"

"ते म्हणजे काय?"

"जे तिला नाही ते!"

"आणि आजवर केळगडात कुठल्याच पिचकारीला नव्हतं, त्याला काय म्हणायचं, बुवा?"

बुवांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधान छताकडे पाहत होते.

"न..." बुवा पुटपुटले.

"ऐकू नाही आलं!" राजे गरजले.

"नवं! नवं! नवं आहे!"

राजे रणधवल असे हसले, असे हसले, की मुकुट एका कानावर आला! हसता हसताच त्यांनी सनदेवर मोहर उठवली. भिवराला सोन्याचा गोफ दिला, सोनबाच्या डोळ्यांसाठी राजवैद्य धाडला, आणि दरबारासाठी शंभर पिचकाऱ्या सांगितल्या.

"बुवा, माझी पिचकारी द्या आता," भिवरा म्हणाली.

शास्त्रीबुवांनी कमरेवर घट्ट हात धरला.

"शंभरांतली पहिली मीच घेतली समज, पोरी! मला घरी माकडांतून जायचंय!"