दुसऱ्याचा क्रूस

वसईच्या किनाऱ्याला माडवळ नावाचे गाव आहे. गावातून समुद्राकडे जाणारी वाट जिथे पानमळ्यांच्या वाटेला मिळते, तिथे दगडी चौथऱ्यावर एक क्रूस उभा आहे. चुन्याचे थरावर थर बसून त्याच्या कडा गोल झाल्या आहेत. परगावचा माणूस येतो, मेणबत्ती लावतो, डोळे मिटून आपले गाऱ्हाणे सांगू लागतो. जवळपास गावचा एखादा म्हातारा असला, तर तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवतो. "इथं आपलं आपण मागायचं नसतं. काय झालंय ते मला सांगा, मी मागतो." पाहुणा बुचकळ्यात पडतो. मग त्याला चौथऱ्यावर बसवून ही हकीकत सांगतात.

क्रूस प्लेगच्या सालातला आहे म्हणे. आढ्यावरून उंदीर पटापट पडू लागले, शेजारच्या गावांतून प्रेते निघू लागली, तेव्हा रोग आत शिरू नये म्हणून माडवळच्या लोकांनी वेशीवर तो रोवला. चौथरा हाच, क्रूस मात्र तेव्हा लाकडाचा होता. संध्याकाळी सगळे गाव तिथे जमून जपमाळ म्हणत असे. खाडीपलीकडे सरकारने झावळ्यांची छावणी घातली होती. ज्याला गाठ आली त्याला तिकडे नेत, आणि नेलेला माणूस परत आलेला कुणी पाहिला नव्हता.

त्या वेळी गावात कुस्तान नावाची बाई राहत होती. तिचा नवरा दुमिंग आणि धाकटा दीर पास्कू यांचे पानमळे एकाला एक लागून होते. घरही एकच, मधे कुडाची भिंत घालून दोन दारे केलेली. पास्कूची बायको रेमेत कुस्ताननेच पाहून, पसंत करून आणली होती. रेमेतला आई नव्हती. पानांच्या जुड्या बांधण्यापासून सुकी मासळी उन्हात कशी पसरायची इथपर्यंत सगळे तिला जावेने शिकवले. दोघींत सख्ख्या बहिणींसारखी माया होती. प्रार्थनेत मात्र रेमेत कच्ची. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना हिचे डोळे खिडकीबाहेर घारींकडे. देवाला सगळे ठाऊक असते, मग सारखे तेच तेच काय सांगायचे, असे ती म्हणायची, आणि कुस्तान तिला दटावायची.

पाऊस सरता सरता पास्कूच्या काखेत गाठ आली.

दुमिंगचे म्हणणे पडले की गावाला कळवावे, लपवाछपवी नको. पण कुस्तानने ऐकले नाही. पाठचा भाऊ छावणीत मरायला पाठवतोस का, असे तिने नवऱ्याला विचारले, आणि त्याने तो विषय सोडला. पास्कूला आतल्या खोलीत ठेवले. दोघी जावा आळीपाळीने त्याच्या उशाशी बसत, गाठीवर कांद्याचे पोटीस बांधत, कुणी विचारलेच तर तो मळ्यात आहे म्हणून सांगत. ताप उतरेना. पास्कू बरळू लागला, बायकोलाही ओळखेना.

एका दुपारी रेमेत काही न बोलता उठली आणि घराबाहेर पडली. ही विहिरीत जीव देते की काय, या धास्तीने कुस्तान मागोमाग निघाली. माणसे मळ्यांत होती, वाटेवर चिटपाखरू नव्हते. रेमेत तिला या क्रूसापाशी सापडली. तापलेल्या वाळूत गुडघे रोवून ती बसली होती, कपाळ चौथऱ्याला टेकलेले, आणि मोठ्याने बोलत होती.

"देवा, आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही. आज मागते. हे माझ्या दारातून काढ. कुठं नेऊन टाकतोस ते तुझं तू बघ, मला सांगू नको. पण माझ्या दारातून काढ."

कुस्तानने जन्मभर प्रार्थना ऐकल्या होत्या. तोंड जपमाळेत आणि मन चुलीवरच्या कालवणात, अशा हजार संध्याकाळी तिने स्वतः घालवल्या होत्या. असे मागणे तिने कधी ऐकले नव्हते. तो आवाज आतडे पिळवटून निघालेला होता. ती जावेच्या मागे वाळूत टेकली आणि मनापासून म्हणाली, "आमेन."

पास्कूची गाठ फुटली. ताप उतरला. त्याने पेज मागितली. तो पहिल्यांदा दारात येऊन उन्हाला बसला, त्याच दिवशी दुमिंग मळ्यातून लवकर परतला आणि अंग मोडून आल्यासारखे वाटते म्हणाला. पुढच्या रविवारची मिस्सा काही त्याने पाहिली नाही.

रोग तिथे थांबला नाही, आणखी घरांत गेला. दुमिंगला मातीआड करून लोक परतत असताना कुस्तान वाटेतच खाली बसली आणि जावेने काय मागितले होते ते तिने शब्दन् शब्द सगळ्यांना सांगितले. आपण त्यावर आमेन म्हटले होते, तेवढे तिने सांगितले नाही.

त्या दिवसापासून गाव रेमेतच्या वाऱ्याला उभे राहीना. विहिरीवर ती आली की बाकीच्या बायका कळश्या उचलत. गावच्या पाद्रींनी समजावून पाहिले. देव काही हमाल नव्हे, एका दारातले ओझे उचलून दुसऱ्या दारात टाकायला, असे ते म्हणाले. एका छपराखाली दोन घरे होती, दोन्हीकडच्या बाया रोग्याला हात लावत होत्या, तापाला कुडाची भिंत ती काय दिसणार? लोकांनी माना डोलावल्या आणि रेमेत दिसली की वाट बदलण्याचे चालूच ठेवले. कुस्तानला मात्र पाद्रींचे बोलणे चांगले समजले होते. ते खरे मानायचे, तर पास्कूला लपवणारी तीच होती. नवऱ्याचा शब्द मोडणारी तीच होती. ते तिला सोसवेना. त्यापेक्षा रेमेतचा राग सोपा होता.

पास्कूचे तर विचारूच नका. भावाच्या मोबदल्यात मला का जगवलेस, असे तो बायकोला म्हणाला म्हणे. तिच्या हातचे अन्न त्याने सोडले. मग मिठाच्या मचव्यावर खलाशी म्हणून गेला तो गेलाच.

रेमेत रोज क्रूसापाशी जाऊ लागली, आणि दुसऱ्यांसाठी मागू लागली. लोकांनी तिला बजावले, आमची नावे तुझ्या तोंडात नकोत. तेव्हा तिने नावे सोडली. "चिंचेखालच्या घरातल्या पोरीचा ताप उतरू दे," असे ती म्हणे. "जिचा नवरा बोटीवर आहे, तिच्याकडं लक्ष दे." स्वतःसाठी तिने पुन्हा कधी काही मागितले नाही. घरी आली की निजण्यापूर्वी तिचे शेवटचे मागणे कुडातून कुस्तानला ऐकू येई. "कुडापलीकडच्या बाईला झोप लागू दे." कुस्तान कानांवर हात घट्ट दाबून पडून राही. झोप तिला लागत नसे. चर्चमध्ये ती सगळ्यांबरोबर ओठ हलवी, पण आमेन म्हणायची वेळ आली की तिची दातखीळ बसे.

प्लेग गेला. वर्षे गेली. दोघींचे केस पिकले, आणि कुडाच्या दोन बाजूंना दोघी एकमेकींशी एक शब्द न बोलता राहिल्या.

मग रेमेतच्या पोटात दुखणे सुरू झाले. अन्न जाईना, वेदनेने ती वाकून गेली. तरी सरपटत क्रूसापाशी येई आणि चौथऱ्याला टेकून दिवसभर बसे. पाद्रींनी तिला पाहिले आणि सांगितले, बाई, आता स्वतःसाठी माग.

"एकदा मागितलं होतं, फादर," रेमेत म्हणाली. "ते मिळालं."

दुसऱ्या कुणीतरी तिच्यासाठी मागावे, असे पाद्रींनी चर्चमध्ये सांगून पाहिले. लोकांनी ऐकून घेतले. ज्यांच्या पोरींचा ताप उतरला होता तेही होते त्यांत, ज्यांचे नवरे बोटीवरून सुखरूप आले होते त्याही होत्या. मळ्याची वाट क्रूसावरूनच जाते. जाता-येता प्रत्येकाला रेमेत दिसत होती.

कुस्तानही त्याच वाटेने बाजाराला पाने नेत असे. एकदा ती थांबली. डोक्यावरची पाटी तिने खाली ठेवली. रेमेतने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. तिने एक शब्द बोलायला हवा होता, असे कुस्तान पुढे म्हणायची. एकच शब्द, मग मी गुडघे टेकले असते. पण रेमेतने तोंड उघडले नाही, आणि कुस्तानने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. बाजारात त्या दिवशी पानांना चांगला उठाव होता. ती दुपार उलटून परत आली, तेव्हा रेमेतचे डोके चौथऱ्यावर कलंडलेले होते आणि हात थंड पडले होते.

कुस्तानने तिथेच गुडघे टेकले. इतक्या वर्षांनी तिला प्रार्थना आली, खरी, आतून आलेली. पण जिच्यासाठी मागायचे ती उरली नव्हती.

रेमेतला पुरताना कुस्तानने गावासमोर आपले आमेन कबूल केले. कुणी तिला दोष दिला नाही, कुणी जवळही घेतले नाही. ओळीने एकेक मूठ माती टाकून सगळे घरी गेले.

त्यानंतर कुस्तान म्हातारपणभर या चौथऱ्यावर बसून असे. स्वतःसाठी मागायला कुणी आले की ती अडवी, त्याचे दुखणे विचारून घेई आणि स्वतः मागे. ज्याला अडवले त्याच्याकडून पुढच्या माणसासाठी मागवून घेई. रिवाज पडला तो असा. तिला स्वतःला मात्र फार दिवस कुणी विचारले नाही. शेवटी नव्यानेच नांदायला आलेल्या एका सुनेने विचारले, "बाय, तुझ्यासाठी काय मागू?"

"त्या दुपारचं माझं आमेन देवानं परत द्यावं, एवढं माग."

पोरीने हात जोडले, पुन्हा सोडले. मग म्हणाली, "असं कसं मागायचं, ते मला येत नाही."

"मलाही येत नाही," कुस्तान म्हणाली.

पुढे लाकूड कुजले, तेव्हा गावाने हा चुन्या-दगडाचा क्रूस बांधला. आजही तिथे कुणी आपले आपण मागत नाही. एकटा आलेला माणूस चौथऱ्यावर बसतो आणि कुणीतरी येऊन विचारील म्हणून वाट पाहतो. मळे आता थोडे उरलेत, त्यांच्या जागी इमारती आल्यात, आणि वाटेने बहुतेक गाड्याच जातात. गेल्या उन्हाळ्यात एक परगावची बाई आली होती. रिवाज तिला ठाऊक होता. मेणबत्ती हातात धरून ती दुपारभर बसली. माणसे येत होती, जात होती. ऊन कलल्यावर तिने हातात वाकलेली मेणबत्ती तशीच पिशवीत ठेवली, पदर झटकला आणि एसटीच्या थांब्याकडे निघाली.