चवड्यांवर चालणारं गाव

डोंगरापलीकडच्या एका गावातली एक मुलगी दूरच्या नगरात शिकायला होती. तिचं नाव वेणू. दुधाचे दात पडायच्या आत ती आईवडिलांबरोबर गाव सोडून गेली होती, त्यामुळं गाव तिला आठवायचं ते स्वप्नासारखं. नगरातल्या गोंगाटात पुस्तक उघडून बसली, की ती मनाशी म्हणायची, 'माझं गाव किती शांत असेल! तिथं पाखरं बोलत असतील, ओढा बोलत असेल, बाकी सगळं गप्प. शिक्षण संपलं की मी तिथं जाईन आणि शाळा काढीन. तशा शांततेत शिकलेली मुलं साऱ्या मुलखाला शहाणं करतील!'

शिक्षण संपलं आणि वेणू खरंच गावी आली. गावकऱ्यांनी तिचं बंद घर झाडून, सारवून ठेवलं होतं. गावातली पहिली शिकलेली मुलगी परत आली म्हणून सगळ्यांच्या छात्या फुगल्या होत्या.

पण पहिल्याच सकाळी लोहाराच्या घणानं तिला उठवलं. पाठोपाठ शेळ्या ओरडल्या. ओढ्याच्या या काठावरून कुंभारीण पलीकडच्या जावेला ओरडून विचारत होती, "अगं ए, भाजी कसली केलीस?" आणि पलीकडून, "तुला द्यायची नाहीये, कशाला विचारतेस?" असं उत्तर येत होतं. वेणूनं धडे तयार करायला पुस्तक उघडलं, तोच कोणी विस्तव मागायला आलं. कोणी ताक घेऊन आलं आणि ताक ठेवून गप्पा मारत बसलं. म्हातारी ठकूआजी तर शेळ्या चरायला नेताना रोज उंबऱ्यात थांबायची आणि विचारायची, "पोरी, शाळा कधी गं?"

"तयारी चाललीय, आजी."

"कर, कर. सावकाश कर. पण मी मरायच्या आत कर."

चौथ्या दिवशी वेणूला राहवेना. तिनं सकाळीच दार लावलं, आतून कडी घातली आणि पुस्तकात डोकं घातलं.

आता त्या गावाची एक रीत होती, ती वेणूला ठाऊक नव्हती. तिथं दिवसा कोणी दार लावत नसे. शेतावर जायचं तर दारात एक काठी आडवी टाकायची, म्हणजे घरात माणूस नाही. दिवसाढवळ्या दार लागलं, तर त्याचा अर्थ एकच. त्या घरावर संकट आलंय, धावा!

म्हणून वेणूचं पहिलं पान संपायच्या आत दारावर धडाधड थापा पडू लागल्या. तिनं कडी काढली, तर अंगणात अर्धा गाव. कुंभारणीच्या हातात पेजेचं भांडं, लोहाराच्या खांद्यावर घोंगडी, ठकूआजीच्या हातात कसला तरी कडू पाला. सगळ्यांत पुढं पाटील, पागोटं काढून हातात धरलेलं.

"कोण गेलं, पोरी?" पाटलांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कोणी नाही गेलं! मी वाचत होते."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. "दार लावून?" लोहार म्हणाला. "एवढं काय वाईट लिहिलंय त्यात?"

वेणूला हसावं की रडावं कळेना. ती दगडी ओट्यावर चढली आणि तळमळून बोलू लागली. "मंडळी, मी तुमच्याच मुलांसाठी झटतेय. नगरात लावलेल्या दाराला मान देतात. दार लागलेलं दिसलं, की समजायचं, आत माणूस कामात आहे. हाक मारायची नाही, थाप मारायची नाही, चवड्यांवर चालत पुढं निघून जायचं. आपणही तसं केलं, तर आपलं गाव किती पुढं जाईल!"

गावाचा तिच्यावर जीव होता. त्यात ती शिकलेली. पाटील म्हणाले, "पोरगी सांगतेय म्हणजे बरोबरच असणार. आजपासून लावलेल्या दारावर कोणी थाप मारायची नाही." आणि सगळी मंडळी तिथूनच चवड्यांवर घरी गेली. ठकूआजीला चवड्यांवर चालता येईना, म्हणून ती काठी न टेकवता गेली.

गावानं नवी रीत मनापासून पाळली. जरा जास्तच मनापासून. लोहारानं घणाला चिंध्या गुंडाळल्या. कुंभारणीनं एका दुपारी स्वतःचं दार लावून पाहिलं. वाचता येत नव्हतं म्हणून झोपली, आणि झोप इतकी छान लागली की दुसऱ्या दिवशीही दार लावलं. कोणाला पिकलेला फणस एकट्यानं खायचा होता, त्यानं दार लावलं. कोणाला शेजाऱ्याला धान्य पाखडायचं सूप द्यायचं नव्हतं, त्यानंही लावलं. पाटलांकडं त्यांची विहीण आली, तर अख्खं घर दार लावून आत श्वास रोखून बसलं, आणि बिचारी विहीण चवड्यांवर परत गेली.

बघता बघता गाव शांत झालं. ओढ्याचा आवाज गावभर ऐकू यायला लागला. वेणू हरखून गेली. 'हेच ते माझं गाव!' ती धड्यांमागून धडे लिहू लागली. लिहिलेले खोडून पुन्हा लिहू लागली. मुलं लांबून चवड्यांवर यायची, लावलेलं दार बघायची आणि तशीच परत जायची.

एका सकाळी पाण्याला जाताना वेणूला ठकूआजीचं दार लागलेलं दिसलं. तिला फार कौतुक वाटलं. 'आजीसुद्धा शिकली!' असं म्हणत तीही चवड्यांवर पुढं गेली.

संध्याकाळी ती पुन्हा तिथून चालली होती, तरी दार लागलेलंच. परसात शेळ्या ओरडत होत्या. वेणू थबकली. समोरच्या ओट्यावर कुंभारीण बसली होती. तिनं पटकन ओठांवर बोट ठेवलं.

"शू! आजी कामात आहे."

"कधीपासून?"

"कालपासून. मन लावून करतेय हो. काल तर मोठमोठ्यानं वाचत होती."

"आजीला कुठं वाचता येतं?"

कुंभारीण जराशी गोंधळली. "मला वाटलं, शिकली असेल."

वेणूनं हात उचलला आणि तसाच खाली घेतला. आजी आपली झोपलेली असली तर? आपण घालून दिलेली रीत आपणच मोडली, असं होईल. सगळं गाव हसेल, उद्यापासून पुन्हा घण, पुन्हा विस्तव, पुन्हा ताक आणि गप्पा. इतक्या कष्टानं मिळालेली शांतता एका थापेनं जाईल. पण शेळ्या काही गप्प बसेनात. आणि आजी कधी शेळ्यांना उपाशी ठेवत नसे.

वेणूनं दोन्ही मुठी वळल्या आणि दार असं बडवलं, की छपरावरची कबुतरं उडाली.

आतून बारीक, चिरका आवाज आला. "अगं, जरा हळू! दार मोडशील माझं!"

दार नुसतंच लोटलेलं होतं. वेणू आत धावली, तिच्या मागोमाग कुंभारीण. ठकूआजी भिंतीला टेकून जमिनीवर पडली होती. घोटा सुजून नारळाएवढा झाला होता आणि ओठ कोरडे पडले होते. वेणू धावत बाहेर गेली, ओट्यावरच्या रांजणातून पाणी आणलं आणि तिला पाजलं. पाणी पोटात गेल्यावर आजीला बोलायचं बळ आलं.

"माळ्यावरून उतरताना पाय घसरला बघ. उठता येईना. म्हणून सरपटत गेले आणि दार लोटून घेतलं."

"दार का लोटलंस, आजी?"

"म्हणजे काय? लोकांनी यावं म्हणून! जन्मभर असंच करत आले की. नवी रीत त्या दुखण्यात आठवते कुणाला? मग हाका मारल्या. घसा बसला, तशा त्याही थांबल्या. पडल्या पडल्या दाराखालच्या फटीतून बघत होते. एकेक जण यायचा आणि मांजरासारखा पुढं जायचा. म्हटलं, एवढी माणसं जातायत माझ्या दारावरून, आणि मी मेले तरी कोणाचं पाऊल वाजायचं नाही."

वेणूला आठवलं, सकाळी त्या पावलांत तिचीही पावलं होती. ती आजीचा हात धरून हुंदके देऊ लागली.

"चुकलं माझं, आजी."

"चुकलं ना? मग रडत काय बसतेस? शेळ्या ओरडतायत, त्यांना पाला टाक आधी! आणि या कुंभारणीला सांग, मी वाचत नव्हते, तुझ्याच नावानं ओरडत होते."

कुंभारणीनं तोंडाला पदर लावला. मग ती ओट्यावर गेली आणि तिनं अशी हाक फोडली, की ओढ्यापलीकडच्या जावेच्या हातातलं लाटणं पडलं. गावातली दारं धडाधड उघडली. माणसं टाचा आपटत धावत आली. कोणी हळदीचा लेप आणला, कोणी भात आणला, कोणी नुसताच आरडाओरडा केला. वेणू शेळीची धार काढायला बसली, तर शेळीनं भांडं लाथाडलं आणि पाटलांसकट सगळे खदखदून हसले. आजी तर सुजलेला पाय धरून हसली. त्या गलक्यात वेणूला नगरातला गोंगाट आठवला. तिथं इतकी माणसं असायची, पण कोणी कोणासाठी आलेलं नसायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वेणू गल्लीतून निघाली. पाटील दात घासत अंगणात उभे होते.

"पाटीलकाका, शाळा आजपासून!" तिनं लांबूनच ओरडून सांगितलं.

"झाली का तयारी?"

"नाही झाली!"

"मग?"

"होईल शिकवता शिकवता. आणि शाळा माझ्या घरात नाही भरायची. ठकूआजीला चालता येत नाही, तर तिच्या अंगणात भरेल. मुलांना म्हणावं, मोठ्यानं बोलत या."

तात्पर्य: जिथं हाकेला ओ मिळते, तिथंच माणूस शांत झोपतो.