बेडकाच्या पायातला वेचोबा

तळ्यांना बारमाही पाणी असे, तेव्हाची गोष्ट. एका बेडकाच्या मागच्या पायात मज्जातंतू होता. त्याच्या टोकाशी निरोपांच्या पिशव्या बसत. मेंदूचा हुकूम आला की टोकाचे दार उघडे, कॅल्शियमचे कण आत घुसत, पिशव्या स्नायूवर निरोप ओतत आणि पाय ताडकन ताणला जाई. तिथेच वेचोबा नावाचे प्रथिन राही. आत आलेले कण वेचून घट्ट धरायचे, एवढेच त्याचे काम.

एकदा थोरली पिशवी चिडली. "वेचोबा, आम्ही ओतायला लागतो न लागतो, तोच तुम्ही कण उचलता. उडी आमच्यामुळे होते. तुमच्यामुळे नुसती थांबते."

"बरं बाई, नाही वेचत," म्हणून वेचोबा हात बांधून बसला.

तेवढ्यात बगळा आला. दार उघडले, कण घुसले, बेडकाने झकास उडी मारली. पण कण तिथेच हिंडत राहिले आणि पिशव्या ओततच राहिल्या. पाय काठीसारखा ताणलेला तो ताणलेलाच. बगळा दोन पावले जवळ आला. मेंदू ओरडला, "उडी!"

"मारा की," वेचोबा म्हणाला.

"कशी मारणार? पाय दुमडतच नाही! वेचा हो, वेचा!" थोरली किंचाळली.

वेचोबाने कण पटापट धरले. पाय दुमडला, दार पुन्हा उघडले, आणि बगळ्याची चोच नुसत्या चिखलात रुतली.

पाण्याखाली गेल्यावर थोरली हळूच म्हणाली, "वेचोबा, पुढच्या वेळी..."

"काय?"

"जरा लवकर वेचा."