राजांचं अठ्ठावीस दिवसांचं सिम

"प्रधानजी, आमचा फोन पुन्हा मेला!"

खैरगडचे राजे बाजिंदराव सिंहासनावरून असे ओरडले, की पेंगणारा अख्खा दरबार खडबडून जागा झाला.

प्रधानजींनी फोन उलटासुलटा करून पाहिला. "मेला नाही, महाराज. अठ्ठावीस दिवस संपले. पॅक मारावा लागेल."

"या अठ्ठावीस दिवसांत आम्ही किती बोललो?"

"एकदा, महाराज. तोही राँग नंबर होता."

राजांचंही खरंच होतं. फोन करायला त्यांना होतं कोण? राणीसाहेब शेजारीच बसायच्या आणि न विचारता बोलायच्या. राहता राहिल्या डोंगरवाडीच्या थोरल्या बहीण, आक्कासाहेब. त्यांच्याशी वर्षातून दोन-तीनदा बोलणं व्हायचं. पण मागच्या महिन्यात त्यांनी फोन लावला, तेव्हा राजांचं सिम बंद! 'हा क्रमांक सेवेत नाही' एवढं ऐकून आक्कासाहेबांनी भलताच अर्थ काढला आणि पांढरं लुगडं नेसून, रडत रडत खैरगड गाठला. बघतात तर राजे श्रीखंड ओरपत बसलेले! त्या भडकल्या त्या भडकल्याच. "पुढच्या वेळी मेलास तरी येणार नाही!" असं बजावून निघून गेल्या.

"आम्हाला असं सिम हवं," राजे गरजले, "की बोललो तर पैसे जातील, गप्प बसलो तर जाणार नाहीत. आणि कितीही गप्प बसलो तरी ते मरणार नाही! तीन दिवसांत आणा! नाहीतर आमचा प्रत्येक निरोप घेऊन डोंगरवाडीला चालत जाईल... ही ठकूबाई!"

ठकूबाई म्हणजे वाड्यातल्या सगळ्या दारांच्या किल्ल्या सांभाळणारी बाई. ती दाराजवळ उभी होती, एवढाच तिचा गुन्हा.

"महाराज, डोंगरवाडी वीस कोस आहे!"

"म्हणूनच तुला पाठवतोय. आम्ही जाणार होय?"

दुसऱ्या दिवशी अखंडबोल कंपनीचा एजंट आला. बोलके त्याचं नाव. आल्या आल्या त्याने पत्रकं पसरली. "हा अठ्ठावीस दिवसांचा, हा छप्पन्नचा, हा चौऱ्याऐंशीचा! बोला, बोला, अमर्याद बोला! रोज शंभर मेसेज फुकट!"

"पण आम्हाला बोलायचंच नाही!" राजे म्हणाले.

"मग बोलू नका. पॅक मात्र घ्यावाच लागेल. कधीतरी बोलणाऱ्याला वेगळं सिम? असलं काही जगात नसतं, महाराज. अशक्य!"

राजांनी ठकूबाईकडे पाहिलं. "चपला आहेत ना गं चांगल्या?"

ठकूबाईने एजंटाकडे पाहिलं, त्याच्या फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं आणि गोड हसली. "साहेब लांबून आलेत. जेवल्याशिवाय कसे जातील?"

बोलके साहेब पाटावर बसले. ठकूबाईने आग्रह करकरून वाढलं. पुरणपोळी, वर कटाची आमटी, मग कलिंगड, मग मठ्ठा. एक तांब्या झाला, दुसरा झाला. "घ्या साहेब, उन्हाचं पोटाला थंड!" तिसराही झाला.

आणि मग बोलके साहेब एकदम गप्प झाले. कपाळावर घाम आला. ते उठले, बोळाच्या टोकाच्या संडासाकडे धावले. दाराला भलंमोठं कुलूप!

"बाई! किल्ली! लवकर!"

ठकूबाईने कमरेचा जुडगा सावकाश सोडला. "कोणता पॅक देऊ, साहेब?"

"कसला पॅक?"

"अठ्ठावीस दिवसांचा घ्या. जा, जा, अमर्याद जा! रोज दोन बादल्या पाणी फुकट."

"अहो, मला एकदाच जायचंय!"

"सुटं मिळत नाही."

गडबड ऐकून राजे आले, मागोमाग प्रधानजी आणि निम्मा दरबार. बोलके साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते.

"बरं, द्या! अठ्ठावीस दिवसांचा द्या!"

"देते की! पण चालू व्हायला चोवीस तास लागतात."

"चोवीस तास?" बोलके साहेब भिंतीला टेकले. "अहो बाई, मी कधीतरी येणारा माणूस! जेवढं वापरीन तेवढंच घ्या ना!"

"कधीतरी येणाऱ्याला वेगळी सोय? असलं काही जगात नसतं, साहेब. अशक्य!"

"असतं!" एजंट किंचाळला. "आहे! पिशवीत तळाशी आहे! जेवढं बोलाल तेवढेच पैसे. वर्षातून एकदा थोडे भरले की वर्षभर जिवंत! आलेला फोन फुकट! त्यावर कमिशन मिळत नाही म्हणून कुणाला दाखवत नाही मी! आता उघडा, आई, उघडा!"

"अटी?" ठकूबाईने विचारलं.

"काही नाहीत!"

"बघा हं, आठवून सांगा. मला काही घाई नाही."

"आईशप्पथ नाहीत!"

ठकूबाईने पिशवी उपडी केली. पत्रकांच्या ढिगाखालून धुळीने माखलेलं एक सिम निघालं. प्रधानजींनी ते घालून डोंगरवाडीला फोन लावला, "खैरगडहून बोलतोय" म्हणाले. पलीकडून आक्कासाहेबांचा आवाज आला, "कोण मेलं आता?"

कुलूप खटकन उघडलं. बोलके साहेब दिसेनासे झाले.

राजे आधी फिस्सकन हसले, मग खो खो हसले, मग पोट धरून बोळातच खाली बसले. "ठकूबाई! आजपासून तू आमची फोनखात्याची मंत्री!"

"नको, महाराज," ठकूबाई किल्ल्या कमरेला खोचत म्हणाली. "मंत्र्यांना काम नसलं तरी सारखं बोलावं लागतं."

यावर राजे इतके हसले, की प्रधानजींनाही नाइलाजाने हसावं लागलं. डोळे पुसत राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि ठकूबाईच्या मनगटात घातलं.